केस्टरसनला आलेली हाक

१२ फेब्रुवारी १९४४, बोस्टन

आज 'केस्टरसन'वर रुजू झालो. जहाज लहान आहे, मालवाहू ताफ्यांची राखण करणाऱ्या जातीतलं, पण कसं कोरं करकरीत! रंगाचा वास अजून हटलेला नाही आणि बिछान्याच्या कॅनव्हासवर कुणाच्या घामाचा डाग नाही. मागचं जहाज आइसलँडच्या वाटेवर टॉर्पेडोने गेलं, तेव्हापासून इस्पितळात पडून पडून अंग आंबून गेलं होतं. इथला स्वयंपाकी पिनो याने मी कुठला ते विचारलं, मग भरून कॉफी ओतली आणि म्हणाला, "पी रे आयोवा, पहिली तेवढी चांगली मिळते." मला दुसरीही चांगली लागली.

दुपारी जहाज नौदलात घेतल्याचा झेंडा चढला. ज्याच्या नावाचं हे जहाज, त्या ऑर्सन केस्टरसनची आई ओहायोहून आली होती. पोरगा टॉर्पेडो टाकणारं विमान चालवायचा, बेचाळीस साली सॉलोमन बेटांपलीकडे पडला. मागाहून शौर्यपदक मिळालं. त्याचा फोटो जेवणाच्या खोलीत लावलाय, दातात फट असलेला, हसरा. म्हातारी रांगेतून चालत प्रत्येकाला त्याच्या आईचं नाव विचारत होती. मी सांगितलं, गर्ट्रूड टेसमर. तिने मान डोलावली, जणू ओळखीचीच बाई.

माझी नेमणूक रडारवर. ब्रिजच्या, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या खोलीच्या, थेट खाली एक काळोखी खोली आहे. शेजारी रेडिओवर हेगस्ट्रॉम, मिनेसोटातल्या गुराख्याच्या घरातला, दांडगा आणि मऊ मनाचा. जहाजावर डायरी ठेवायला बंदी आहे. सगळेच ठेवतात.

२ एप्रिल, बर्म्युडा

सराव, सराव आणि सराव. कॅप्टन प्रुइट युद्धाआधी वकिली करायचा; चुकलात तर ओरडत नाही, शांतपणे पुन्हा करायला लावतो. त्यापेक्षा ओरडलेलं बरं. चीफ ग्रुबर, आम्हा खलाशांचा मुकादम, ती कसर भरून काढतो. काल मला म्हणाला, "डोळे उघडे ठेवून झोपायला कुठल्या शाळेत शिकलास रे?" पण संध्याकाळी स्वतःच्या वाट्याचं पीचचं डबाबंद फळ माझ्यापुढे सरकवलं. चांगली माणसं आहेत. या जहाजावर मन लागेल असं वाटतं.

३० सप्टेंबर, मानुस बेट

बरेच दिवस लिहिलं नाही. अटलांटिकच्या फेऱ्या झाल्या, मग पनामातून इकडे. अंडी भुकटीची, पाणी कोमट, अंगावर घामोळं. विषुववृत्त ओलांडताना चीफने नवख्यांच्या डोक्याला ग्रीस फासलं, तेवढीच काय ती गंमत.

सॉलोमनकडून येताना एक चमत्कारिक गोष्ट झाली. भर दुपारी रडारच्या पडद्यावर एकुलत्या एका विमानाचा ठिपका दिसला. खालून उडत होतं, हळू, अगदी नाकासमोर. आपल्या विमानांचा ओळखसंकेत त्याच्याकडून येत नव्हता. मी वर कळवलं, धोक्याची घंटा झाली, तोफा फिरल्या. वर आकाश धुतल्यासारखं निळं. दुर्बिणीवाल्यांना एक पक्षीसुद्धा दिसेना. मग पडद्यावरचा ठिपका विझला, पाण्यात पडणाऱ्या विमानाचा विझतो तसा.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही. रडारचे दिवे बदलून झाले. माझे डोळेही तपासून झाले.

११ नोव्हेंबर, लेते

सैनिक उतरवणाऱ्या जहाजांची राखण चालू आहे. झोप नाही. बुडालेल्या जहाजाची माणसं उचलली, तेलाने काळी पडलेली. त्यांतली काही आमच्या डेकवरच गेली.

ते विमान इथेही येतं. आता आवाजही येतो. हेगस्ट्रॉमच्या स्पीकरवर खरखरीतून कुणीतरी हाक मारतं, "केस्टरसन... केस्टरसन..." पोरसवदा आवाज, अमेरिकेच्या दक्षिणेकडचा हेल. शत्रूचा डाव असेल, असं कॅप्टनचं मत. कारण रेडिओवर कुणीच जहाजाला खऱ्या नावाने हाक मारत नाही. आमचं सांकेतिक नाव 'जुनिपर', आपली माणसं तेच वापरतात. उत्तर द्यायचं नाही, असा हुकूम आहे.

पण तो आवाज शत्रूचा वाटत नाही. आज तो विचारत होता, "केस्टरसन, अजून किती राहिलं? केस्टरसन, बोल की रे."

१९ नोव्हेंबर

हेगस्ट्रॉमने उत्तर दिलं. मी शेजारीच होतो, अडवायला हवं होतं, पण माझाही जीव त्या आवाजाला विटला होता. हेगस्ट्रॉम म्हणतो, गोठ्यात वासरू हंबरलं की त्याला घरात बसवत नाही. त्याने माइक उचलला आणि म्हणाला, "केस्टरसन बोलतोय. मी आहे. धीर धर."

पलीकडे कुणीतरी रडल्यासारखं हसलं.

आज ठिपका विझला नाही. नेहमीच्या जागेवरून पुढे सरकला आणि मगच दिसेनासा झाला.

२७ डिसेंबर, उलिथी

नाताळ झाला. बेटावर उतरवून कोमट बिअर पाजली. तिथे रफस टीग नावाचा मेकॅनिक भेटला. आमच्या टोपीवरचं नाव वाचून तो दचकला. बेचाळीस साली तो केस्टरसनच्याच विमानवाहू जहाजावर होता.

त्याने सांगितलं ते असं. त्या विमानात तिघे होते. पुढे केस्टरसन, मागे तोफवाला ड्यूई मॅबरी आणि त्याच्या खाली रेडिओवाला. हल्ल्यात गोळी काचेतून आली आणि केस्टरसन जागच्या जागी गेला. पण विमान पडलं नाही. सरळ रेषेत उडतच राहिलं. मागच्या दोघांना पुढे जायला वाट नसते, मध्ये यंत्रांची भिंत असते. बाजूने उडणाऱ्यांनी पाहिलं, पुढच्याची मान कलंडलेली. त्यांनी ओरडून ओरडून सांगितलं, उड्या टाका. पण मॅबरीचं ऐकण्याचं यंत्र मोडलं होतं, बोलण्याचं तेवढं चालू. पेट्रोल संपेपर्यंत तो विचारत राहिला आणि सगळ्या जहाजाने ते ऐकलं.

"काय विचारत होता?" मी म्हणालो, तरी मला माहीत होतं.

टीग म्हणाला, "अजून किती राहिलं, आणखी काय विचारणार बिचारा?"

म्हणजे इतके दिवस तो जहाजाला हाक मारतोय असं आम्ही समजत होतो. तो जहाजाला मारतच नव्हता. तो त्याच्या वैमानिकाला मारत होता. आणि हेगस्ट्रॉमने त्याला ओ दिली.

हेगस्ट्रॉमला सगळं सांगितलं. तो जेवला नाही.

१४ एप्रिल १९४५, ओकिनावाजवळ

आम्ही ताफ्यापासून लांब, एकटे, पहाऱ्यावर. शत्रूची विमानं अंगावर येऊन फुटतात. पश्चिमेला केरामाचे खडक, बाकी सगळीकडे पाणी. कपडे काढून झोपलो त्याला किती काळ झाला, आठवत नाही.

तो ठिपकाही येतो. रोज जवळ. पूर्वी पडद्याच्या कडेला असायचा, आता मधल्या वर्तुळात. प्रत्येक वेळी घंटा, धावपळ, तोफा रिकाम्या आकाशाकडे. काल पिनो तोफेजवळ उभ्या उभ्या झोपला आणि कोसळला.

२ मे

कॅप्टनचा हुकूम: तो येतो त्याच दिशेने एकटा, खालून उडणारा ठिपका दिसला तर घंटा करायची नाही. माणसं मोडून पडतील, म्हणाला. बरोबरच आहे त्याचं.

९ मे

त्या दिशेने आज शत्रूचं खरंच एक विमान आलं. एकटं, खालून. हुकूम होता, घंटा झाली नाही. मागच्या तोफेवर आदळलं. पिनो गेला. तोफेवरचे सगळेच गेले. दुपारभर डेक धूत होतो. जहाज चालतंय, म्हणून पहारा चालूच.

कॅप्टन ब्रिजवरून उतरत नाही.

१० मे

रात्रभर विचार केला. मॅबरीला तेव्हा खरं ऐकूच गेलं नाही; आता आमचं ऐकू जातं. वर आम्ही खोटं सांगितलं. खरं ऐकलं तर सुटेल, जाईल. हेगस्ट्रॉम म्हणाला, "तू सांग. माझ्याने नाही होणार रे, टेसमर." कबूल केलंय. उद्या.

११ मे, दुपार

सांगितलं.

तो आला, आजवर आला नव्हता इतका जवळ. मी माइक घेतला. म्हणालो, मॅबरी, नीट ऐक. केस्टरसन मेलाय. गोळी लागली तेव्हाच मेला. तुला उत्तर देणारा तो नव्हता. तुम्ही दोघं उडी टाका.

मग मॅबरी म्हणाला, "ऐकू आलं." अगदी शांत. "आम्ही दोघंही उतरतो मग."

मी डोळे पुसले. हेगस्ट्रॉमही. पडद्यावर ठिपक्यातून दोन बारीक कण सुटले आणि विझले. गेले बिचारे.

पण ठिपका विझला नाही. रिकामं विमान—रिकामं नाही, पुढे तो आहेच—येतच राहिलं. आमच्यावर आलं. आवाज नाही, धक्का नाही. पडद्याच्या मधोमध, जिथे आपलं जहाज असतं तिथे आलं, आणि त्यातच मिसळलं.

नंतर

जहाज वळलंय. आम्ही पहाऱ्याची जागा सोडली. सरळ पश्चिमेला. असा हुकूम आल्याचं कुणाला ठाऊक नाही.

बोलायच्या नळीतून ब्रिजला विचारलं. उत्तर नाही.

नंतर

चीफ वर गेला होता. ब्रिजचं दार उघडत नाही, आतून कडी नाही तरी. डेकवरून वर बघितलं तर हेल्मेटं दिसतात—कॅप्टन, सुकाणूवाला, सगळे आपापल्या जागी—एकही हलत नाही. एकाची मान कलंडलेली.

इंजिनवाले सांगतात, इंजिनं केव्हाच बंद केली. तरी पाण्यातले पंखे फिरतायत.

नंतर

पडद्यावर केरामाचे खडक. नाकासमोर. वेग कमी नाही. चीफ कुऱ्हाडीने दार तोडतोय, पत्र्यावर ओरखडाही—

चीफ परत आला. म्हणतो, सगळ्यांनी तरंगायची जॅकेटं चढवा आणि उड्या टाका. कुणी हलत नाही. धडक्या जहाजावरून पाण्यात—परत त्या तेलात, त्या थंडीत—मी एकदा टाकलीय उडी, मला माहीत आहे—

खडकांवर फुटणाऱ्या लाटाही आता दिसतात पडद्यावर

ब्रिजच्या नळीतून उत्तर आलं.

कॅप्टन नाही. तरुण आवाज, ओहायोचा, हसरा. म्हणाला, "मी आहे ना. बसा निवांत. थोडंच राहिलंय. दमलात सगळे."

किती गोड बोलला. इतक्या महिन्यांत कुणी आम्हाला दमलात असं म्हणालं नव्हतं.

चीफने जॅकेटच्या गाठी सोडल्या. भिंतीला टेकून बसलाय, डोळे मिटून. हेगस्ट्रॉम त्याच्या शेजारी. मला ठाऊक आहे तो कोण आहे, ठाऊक आहे पुढे काय आहे—दार उघडं आहे, डेक पाच पावलांवर—उठायला हवं—उठतो—जरा टेकून मग