चौथा बोल्ट

४ जानेवारी
भाऊजी आज डिकीत खोकं लपवून आले! आत चकचकीत हेडर – इंजिनातला धूर बाहेर नेणारे चार पाइप, पुढे एकात मिळालेले. कंपनीचा जड मॅनिफोल्ड काढायचा, हे बसवायचे, म्हणजे गाडी मोकळा श्वास घेते म्हणे. माणूस चाळिशीला टेकला, हौस सोळा वर्षांची! अट एकच – "चेक इंजिनचा दिवा लागता कामा नये. दिवा दिसला की तुझी ताई विचारणार, आणि मग माझी काही खैर नाही."

ताईला पाचवा महिना. तिला सांगितलंय, गाडी सर्व्हिसिंगला टाकली. मी हसून हो म्हटलं. दिवा न लागू देता हे काम करणारी या भागात मी एकटीच, हे भाऊजींना पक्कं ठाऊक आहे.

६ जानेवारी
दिवसभर त्याच गाडीखाली. जुने बोल्ट गंजून बसलेले, एक तर तुटलाच. नाकी नऊ आले. मागचा चौथा बोल्ट अशा सांदीत की तिथे बोल्ट किती आवळला ते दाखवणारा मापाचा पाना जातच नाही. हाताच्या अंदाजाने आवळला. बाबा खुर्चीतून म्हणाले, "इंजिन खाली घे, मग आवळ." गुडघे गेल्यापासून ते खुर्चीतूनच गॅरेज चालवतात. इंजिन उतरवायचं म्हणजे उद्याचाही दिवस गेला! म्हटलं, "बाबा, वीस वर्षं हा हात चालतोय."

या हेडरमध्ये धूर गाळणारा कन्व्हर्टर नाही. त्यामुळे मागचा सेन्सर लगेच बोंब मारतो आणि दिवा लागतो. त्याच्याखाली बोटभर नळी बसवली. सेन्सर धुरापासून लांब गेला, बोंब बंद. तीन लांब फेऱ्या मारल्या. दिवा नाही! स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

७ जानेवारी
दिवा नाही. भाऊजी खूश. म्हणतात, आवाज ऐकूनच दिवस चांगला जातो.

१५ जानेवारी
दिवा लागला!! भाऊजी धापा टाकत आले. स्कॅनर लावला – हवा जास्त, पेट्रोल कमी. नव्या हेडरमुळे गाडीचा कॉम्प्युटर कधीकधी गोंधळतो. नाहीतर एखाद्या सांध्यातून गळती असते. ती शोधायला अर्धा दिवस, आणि रांगेत तीन गाड्या उभ्या. लॅपटॉपवाल्याला बोलावलं. पाच मिनिटांत त्याने कॉम्प्युटरमधला त्या बिघाडाचा कोडच बंद करून टाकला. "आता काहीही झालं तरी हा दिवा लागणार नाही." भाऊजींनी त्याला टाळी दिली.

बाबांनी विचारलं, "काय सांगत होता दिवा?"
"काही नाही, बाबा."

१९ जानेवारी
ताई जेवायला आली होती. तोंड उतरलेलं. "गाडीत कसला तरी जळका वास येतो गं." भाऊजी म्हणाले, "कालच साबणाला वास येतो म्हणत होतीस!" बाबांनीही भर घातली – "तुझ्या वेळी तुझ्या आईला वर्तमानपत्राचा वास सोसायचा नाही. मी जिन्यात बसून वाचायचो." सगळे हसलो. सगळ्यात मोठ्याने मी. ताई कपाळ दाबत बसून राहिली.

२४ जानेवारी
ताई दोन दिवस रजा घेऊन घरी. डोकं दुखलं नाही, उलटी नाही.

२८ जानेवारी
कालपासून पुन्हा कामावर, पुन्हा तेच. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, थंडी म्हणून काचा बंद. डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, गोळ्या दिल्या. भाऊजींचंही डोकं चढतं म्हणे – ट्रॅफिकमुळे!

संध्याकाळी तिचा फोन. "बाळ आज फारसं हललं नाही गं." म्हटलं, झोपलं असेल तुझ्यासारखं. फोन ठेवला आणि भाऊजींकडे उद्यासाठी गाडी मागितली. कशासाठी, ते लिहायचं धाडस होत नाही.

२९ जानेवारी
आज मुद्दाम मीच ताईला सोडायला गेले, त्याच गाडीतून. काचा बंद ठेवल्या. अर्ध्या वाटेत माझ्या कानशिलात घण पडायला लागले. चारही काचा खाली केल्या. ती म्हणाली, "थंडी वाजते गं." "वाजू दे!" ओरडलेच तिच्यावर. ती बघतच राहिली.

तिला सोडून सरळ गॅरेज. बॉनेट उघडलं. चौथ्या बोल्टापाशी काळीभोर काजळी. आणि त्याच्या बरोबर वर, गाडीत हवा घेणारी जाळी. पाचावर धारण बसली. धूर आत जात होता. रोज. दोन्ही वेळा. दिवा हेच सांगत होता आणि मी त्याचं तोंड बंद केलं.

संध्याकाळपर्यंत इंजिन उतरवलं, जुना मॅनिफोल्ड परत चढवला. भाऊजींना सगळं सांगितलं. पांढरे पडले. म्हणाले, "तिला नको सांगूस. या अवस्थेत तर नकोच." बाबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले – "आत्ता फोन कर! डॉक्टरांना कळायला नको, पोरीला काय झालंय ते?" म्हटलं, परवा तपासणी आहे, ती होऊ दे. मग मी स्वतः सांगते.

बाबा जेवले नाहीत.

३० जानेवारी
तीनदा फोन हातात घेतला. तिसऱ्यांदा तिने उचललाही. मी विचारलं, रिक्षाने गेलीस ना? हो म्हणाली, आज डोकं अगदी हलकं आहे. जीव भांड्यात पडला. उद्या सगळं नीट असेल. नीट असलं की सांगायला काय जातंय!

३१ जानेवारी
बाळाचे ठोके लागले नाहीत.

ताई माझा हात सोडत नव्हती. "ऑफिसची लिफ्ट बंद होती गं, आठवडाभर तीन-तीन जिने चढले मी. माझ्यामुळेच झालं ना?" भाऊजी माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "जिने चढायला नको होते."