नागपूर समजून अजनी

सर, मागच्या रविवारी तुमची फार आठवण झाली. ती सुखाची आठवण नव्हती, म्हणूनच लिहायला बसले आहे. धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये आता मी एकटीच असते. मुलगी नॉर्वेत. दर रविवारी संध्याकाळी तिचा व्हिडिओ फोन येतो, दहा मिनिटांचा. गोळ्या घेतेस ना, बाई वेळेवर येते ना, असं सगळं विचारून झालं की अकरा वर्षांच्या नातीला फोनसमोर उभं केलं जातं. ती "हाय आजी" म्हणते आणि पळते. तिला तरी काय दोष द्यायचा, मलाच तिच्याशी काय बोलावं ते सुचत नाही. फोन ठेवला की घर पुन्हा गप्प होतं, ते पुढच्या रविवारपर्यंत.

या वेळी मात्र ती पळाली नाही. ती तिकडे पियानो शिकते, आणि गाण्याची ओळ संपताना सूर कसे थांबतात, त्या थांबण्यांची नावं तिला पाठ करायची होती. वहीत ती नावं नॉर्वेजियनमध्ये, आईने आणलेल्या पुस्तकात इंग्रजीत. ओळ घरी, म्हणजे सा वर येऊन नीट थांबली की इंग्रजीत परफेक्ट. नॉर्वेवाले सरळ पूर्ण शेवट म्हणतात. अर्ध्यावर थांबली तर त्यांच्याकडे अर्धा शेवट, आणि इंग्रजीत इंपरफेक्ट, जशी काही त्या बिचाऱ्याच्या अंगातच खोट आहे. इथवर पोरीला कळलं. पण सूर घरी येणार असं वाटत असताना भलतीकडेच उतरले, तर इंग्रजी पुस्तक म्हणतं इंटरप्टेड, मधेच तोडलेला, आणि तिची वही म्हणते स्कुफेन्ने, म्हणजे निराश करणारा. "आजी, तोडला की निराश केलं? खरं कोणतं?" माझ्या तोंडातून निघालं, "अजनी."

तुम्ही रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड, चर्चमध्ये दर रविवारी पायपेटी वाजवायचात. मी एकोणीस वर्षांची, कामठीहून बसने नागपुरात तुमच्या घरी शिकायला यायची, कारण एका कॉन्व्हेंटमध्ये संगीताच्या बाईंची जागा निघणार होती आणि तिला पाश्चात्य संगीताचं सर्टिफिकेट लागत होतं. तुमची जुनी पेटी खोलीच्या कोपऱ्यात, भाता दाबला की आधी दम्यासारखी धाप टाकायची. तुम्ही माझा हात धरून पट्ट्यांवर ठेवता आणि म्हणता, "हे पाहा, प वर थांबली तं गाडी आउटरवर उभी आहे, सिग्नल भेटला नाही. सा वर आली का नागपूर. अन् प वरून ध वर गेली तं? नागपूर समजून पिशवी घेऊन उतरली, पाहते तं अलीकडचं अजनी! घर दिसून राहिलं, पण घर नाही." मी हसते. तुम्हीही हसता, पण नियमाला पक्के. शेवटचा सा वाजवल्याशिवाय पेटीवरून उठायचं नाही. माझी बस चुकली तरी चालेल. "गाडी मधातच सोडून गार्ड घरी जात नसते वं," म्हणायचात.

परीक्षेच्या पेपरात तीन थांबे दिले होते, त्यांची नावं लिहायची होती. मला दुसरी नावं ठाऊकच नव्हती. मी इंग्रजीत नीट वळणदार अक्षरात लिहून आले, आउटर, नागपूर आणि अजनी. पेपर परत आला तेव्हा अजनीभोवती लाल गोल होता आणि पुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह, खाली नापास. आज हसू येतं. त्या दिवशी मी तो पेपर तुमच्या पेटीवर आपटला. तुमच्या मिसेस चहा घेऊन दारातच थबकल्या. "सर, तुम्ही मले सगळं खोटं शिकवलं," मी ओरडले, "माझी नोकरी गेली तुमच्यापायी." तुम्ही चष्मा काढून पुसत राहिलात. मग म्हणालात, "खरे शब्द मले येतच नाही वं. मी कानानं शिकलो. मले कोणी सांगितलेच नाही." आणि मी वळले तेव्हा मागून, अगदी हळू, "जाशील, पण सा वाजवून जा." मी वाजवला नाही. पुन्हा आलेही नाही. दीड वर्षाने कामठीच्या बसमध्येच कोणीतरी सांगितलं, तुम्ही गेलात. बसमध्ये रडता येत नाही, म्हणून खिडकीकडे तोंड करून बसले होते.

तर नातीला मी आउटर सांगितला, नागपूर सांगितलं, पिशवी घेऊन अजनीला उतरलेली बाई सांगितली. ती खो खो हसली. "पण आजी, ती मग घरी कशी गेली?" म्हणाली, आणि पियानोकडे धावली. प वरून ध वर गेली, ओरडली, "अजनी!" पुन्हा, पुन्हा. मग प वरून सा, "नागपूर!" मुलगी म्हणत होती, पुरे आता, आजी दमली असेल. दमतेय कसली. फोन चाळीस मिनिटं चालला, सर. इतक्या वर्षांत त्या पोरीला माझ्याजवळचं काही हवंसं वाटलं, ते हे.

ठेवता ठेवता तिने विचारलं, "आजी, उद्या मी आमच्या टीचरना हे सांगणार आहे. कोणी काढलं हे? तू?"

तुमचं नाव अगदी ओठांवर होतं. पण ते घेतलं असतं तर पेपर, प्रश्नचिन्ह, न वाजवलेला सा, सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ती माझ्याकडे किती कौतुकाने बघत होती. मी म्हटलं, "हो, मीच."