रजिस्टरातली तीन वर्षं

गुरुजी,

बुधवारी मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये एका बापाच्या कानाखाली वाजवली. एकदा नाही, दोनदा. पाचोडकडचा माणूस, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, हाताला घट्टे, डोक्यावर पांढरी टोपी. आणि मी सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणारी बाई, गळ्यात ओळखपत्र. त्याची टोपी फायलींवर जाऊन पडली. चहाचा ट्रे घेऊन आलेला शिपाई दारातूनच मागे फिरला. तुम्ही असता तर म्हणाला असता, हात कुणाचा आहे ते ओळखू येतंय. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे. रविवारची दुपार आहे, घरात कोणी नाही, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्हाला घाबरायचं कारण उरलेलं नाही.

सुरुवात तुमच्या रजिस्टरापासून करते. मी पाच वर्षांची होते, थोरल्या बहिणीच्या मागे मागे शाळेत येऊन बसायचे. चौथीच्या पोरांना न सुटलेला भागाकार मी जमिनीवर बोटानं सोडवला, आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही माझं नाव दाखल केलं. जन्मतारखेच्या रकान्यात एक जून घातलीत. एक जून तर आपल्या वस्तीतल्या सगळ्यांचीच होती. आपण कधी जन्मलो हे ज्याला माहीत नाही त्याचा वाढदिवस हेडमास्तर ठरवायचे. पण माझ्या वयात तुम्ही वर तीन वर्षं वाढवलीत आणि मला थेट चौथीत बसवलं. आई घाबरली. तिला तुम्ही जे म्हणालात ते मला आजही तोंडपाठ आहे. "आपल्या पोरींना टाइम नसतो, बाई. ही सोळाची व्हायच्या आत लगीन लावून देताल तुम्ही. त्याच्या आत हिला कालेजात घालायची." बहिणीचं चौदाव्या वर्षी लागलंच, तेव्हा तुम्ही खोटं बोलला नव्हता. मग सात वर्षं पाढा चुकला की छडी, आणि पाढा बरोबर आला तर पुढचा का येत नाही म्हणून छडी. मला त्याचा राग येत नसे. तुम्ही माझ्यासाठी घाईत होता, एवढं मला कळत होतं.

बारा वर्षांची मी औरंगाबादला अकरावी सायन्सला आले. कागदावर पंधरा. निघताना तुम्ही बजावलंत, कुणी विचारलं तर पंधराच सांगायचं, दुसरं काही तोंडातून निघालं तर तुझं कॉलेजही जाईल आणि माझी नोकरीही. प्रॅक्टिकलला ब्युरेटच्या उभ्या नळीवरचा आकडा माझ्या डोक्याच्या वर असायचा. टाचा उंचावून वाचायचे, चुकायचे, आणि सर वही भिरकावून द्यायचे. वसतिगृहात त्याहून वाईट. मी अंथरूण ओलं करायचे. घर सोडून आलेल्या बारा वर्षांच्या पोरीचं होतं तसं कधी कधी; पंधरा वर्षांच्या मुलीचं झालं की तमाशा होतो. खोलीतल्या दोघी माझी गादी सगळ्यांना दिसेल अशी कठड्यावर टाकायच्या आणि तिसरी, अंगानं थोराड, मला पालथी पाडून पाठीवर चपलेनं मारायची. मोजत मारायची. रेक्टरबाई म्हणायच्या, एवढी घोडी झालीस आणि लाज नाही.

दिवाळीच्या आधीच मी पळाले. जालन्याची एसटी धरली आणि करमाडला उतरले, तर तुम्ही समोरच्या हॉटेलात चहा पीत उभे. मी धावत आले. तुम्हाला बघून मला इतकं बरं वाटलं होतं, गुरुजी, की मी रडत रडत हसत होते. तुम्ही बशी खाली ठेवलीत, विचारलंत, "कशाला आलीस?" आणि माझं पुरतं ऐकून न घेता डाव्या कानावर अशी मारलीत की मी हॉटेलाच्या बाकड्यावर आदळले. कानातून रक्त आलं. बायका बघत होत्या. तुम्ही म्हणालात, "परत आलीस तर तंगडं मोडीन." मग दोन तास मला सुताराच्या दुकानात बसवून ठेवलंत आणि त्याच्याकडून बाभळीचं स्टूल ठोकून घेतलंत, ब्युरेटपाशी उभं राहायला. कानाला माझीच ओढणी गुंडाळलेली होती. ते स्टूल मांडीवर घेऊन तुम्ही मला पुढच्या एसटीनं परत आणून सोडलं. त्या कानानं मला तेव्हापासून नीट ऐकू येत नाही. लोकांना मी सांगते, लहानपणी ताप डोक्यात गेला होता.

बाभळीचं लाकूड फार जड असतं. चार दिवसांनी ती थोराड मुलगी चप्पल घेऊन आली तेव्हा मी ते स्टूल तिच्या तोंडावर घातलं. पुढचे दोन दात गेले. ती खाली पडल्यावरही मी मारत होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि मला बरं वाटत होतं, हेही नाही. रेक्टरबाईंनी तुम्हाला बोलावून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी स्वच्छ विचारलं होतं, "गुरुजी, ही पोरगी खरंच पंधराची आहे का? लहान असेल तर मी सांभाळून घेते." मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही भिंतीकडे बघत होता. "पंधराची हाय," तुम्ही म्हणालात. "काय केलं ते तिला कळतंय." एका वाक्यानं मी वाचले असते, आणि तुम्ही ते रजिस्टर वाचवलंत. वसतिगृहातून मला काढलं. तुम्ही मला खुलताबादला तुमच्या बहिणीकडे ठेवलंत, तिथून मी पाच वर्षं घाट उतरून कॉलेजला आले आणि चढून घरी गेले. त्या आत्या माझं अंथरूण काही न बोलता धुवायच्या. तीन महिन्यांत ते ओलं व्हायचं थांबलं. माझा निकाल लागला त्या वर्षी तुम्ही गेलात, आणि मला जे विचारायचं होतं ते राहून गेलं.

आता हे सगळं चोरून करावं लागत नाही. यंदा आमच्याकडे बी.एस्सी.ला तेरा वर्षांची मुलगी आली आहे, खास परवानगीनं, खऱ्या जन्मतारखेनं. पाचोडच्या चौकात तिचा फ्लेक्स लागला, सत्कारात शाली मिळाल्या. तिची पालक-शिक्षिका म्हणून मला नेमलं. डबे काढायला स्वयंपाकघरात ठेवलेलं ते तुमचं स्टूल मी तिच्यासाठी प्रयोगशाळेत नेलं. सोमवारी वर्गातल्या तीन पोरांनी तिला स्टुलासकट उचलून टेबलावर ठेवलं आणि मोबाइल धरून तिला पाढे म्हणायला लावलं, बोलकी बाहुली म्हणून. खाली उतरवा, असं तिनं तीनदा सांगितलं. मग लोखंडी स्टँड उचलला आणि एकाच्या कपाळात घातला. नऊ टाके. टेबलावरून खाली रक्त ओघळत होतं आणि ती वर तशीच उभी, दुसरा कोण येतोय ते बघत.

बुधवारी चौकशी होती. एक सदस्य म्हणाले, एवढी हुशार आहे तर एवढं कळत नाही का. तिचा बाप उठला आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं तिला मारलं, डाव्या कानावर. पोरगी कपाटावर जाऊन धडकली. पुढचं वर लिहिलंच आहे. दुसरी थप्पड मारून झाल्यावर मी वळून त्या सगळ्यांना सांगितलं, "तेरा वर्षांची आहे ती. तेरा. तिला कळत नाही, आणि कळायचं तिचं वय नाही." हे वाक्य मी अडतीस वर्षं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची वाट बघत होते. मुलगी राहिली. त्या तिघांना महिनाभर घरी बसवलं, मला लेखी समज मिळाली. बापानं टोपी उचलून झटकली आणि मला म्हणाला, "मारलं ते मारलं, बाई. पोरीला तेवढं ठिवून घ्या." मी जिंकले होते, गुरुजी. दोन दिवस मी तुमच्यापेक्षा बरी होते.

शुक्रवारी प्रॅक्टिकल संपल्यावर ती थांबली. स्टूल पुसून जागेवर ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, मला घरी जायचंय. मला आठवीत बसायचंय, माझ्या मैत्रिणीसंगं." एवढंच. मी तिच्यासाठी सगळ्यांशी भांडले आणि हिला आठवीत बसायचंय. "परत हे बोललीस तर तंगडं मोडीन," असं माझ्या तोंडून निघालं, आणि मागोमाग हात. तिचा चष्मा उडून बेसिनमध्ये पडला. ती रडली नाही. चष्मा धुऊन, पुसून डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

काल बाप तिचा डबा घेऊन कॉलेजात आला होता. तिच्या गालावरचा वळ बघून विचारलं, "ह्ये काय झालं गं?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "टेबलाचा कोना लागला." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, हो, लक्ष ठेवायला हवं होतं माझं. तो मान हलवून गेला. मग मी तिच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ऐकू येतंय का? "येतंय, मॅडम," ती म्हणाली. तो सगळा दिवस मी तेवढ्यावर काढला.

तुम्हाला शिव्या घालायला बसले असं वाटेल, पण तसं नाही. हा कागद मी प्राचार्यांना लिहायला घेतला होता. मी मुलीला मारलं, ती माझ्यासाठी खोटं बोलली, तिला घरी जाऊ द्या, तिची जागा राखून ठेवा, एवढ्या चारच ओळी. वर हाक तुमची लिहिली गेली, कारण तुम्ही वाचणार नाही. दुसरा कोरा कागद शेजारी आहे. त्यावर मी अजून तारीखसुद्धा घातलेली नाही.