सालीवरचे डाग

अमरावती
रविवार, ७ डिसेंबर २०२५

रहीमभाई, सलाम.

रजियाभाभींचे गुडघे या थंडीत काय म्हणतात? शेंदूरजनाघाटला अमरावतीपेक्षा एक स्वेटर जास्त लागतो, हे त्यांचंच म्हणणं. इकडे सगळे बरे. मी रिटायर झाल्यापासून पौर्णिमाचा बिनपगारी ड्रायव्हर आहे. पोरगी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते आणि बाप गाडी हाकतो.

फोनच करणार होतो. पण तुम्ही “और बताओ किशोरभाऊ” म्हणता आणि मी थंडी, भाव, तब्येत एवढं बोलून ठेवून देतो. म्हणून हा कागद.

काम असं आहे. मागच्या आठवड्यात वरूडला कृषी केंद्रात तुमचा जुबेर भेटला. हातात तारेचे सहा ब्रश. म्हणाला, “काका, झाडाच्या खोडाले पांढरे डाग पडले. तुमी आब्बाले सांगतलं होतं तसंच घासून काढतो. पुढच्या बुधवारी मजूर सांगतले.” त्याला आधी थांबवा. ते डाग घासायचे नसतात.

तो रोग नाही. पौर्णिमा त्याच डागांचा अभ्यास करते. पुस्तकात त्याला शैवाक म्हणतात. बुरशी आणि शेवाळ एका घरात राहतात, शेवाळ रांधतं, बुरशी छप्पर धरते. झाडाच्या सालीवर बसतं, पण झाडाचं काही खात नाही. एक जात चुन्याच्या शिंतोड्यासारखी, नखानं निघत नाही. दुसरी पानासारखी, कडा सुटलेल्या. तिसरी दाढीसारखी लोंबते, ती आपल्याकडे फक्त चिखलदऱ्याला भेटली. पौर्णिमा भिंगातून पाहते, कॉस्टिकचा थेंब टाकते, रंग पिवळा होतो की लाल ते वहीत लिहिते. मी बाटलीचं बूच धरून उभा असतो. एकदा निखार पक्ष्याचं घरटं दाखवलं तिनं. वाटीएवढं, बाहेरून सगळे हेच तुकडे कोळ्याच्या जाळ्यानं चिकटवलेले. फांदीची गाठच वाटावी. मी तीनदा पाहिलं तेव्हा दिसलं.

आणि भाभी मटणाच्या मसाल्यात दगडफूल घालतात ना, तेही याच कुळातलं. मी जन्मभर समजत होतो ते दगडावर येतं. बहुतेक झाडावरच येतं. तुमच्या बागेतली संत्र्याची एकशेचाळीस झाडं घासायला लावली त्या दुपारी मी तुमच्याच ओसरीवर तेच खाऊन बोटं चाटली होती. कृषी सहायकाचं ज्ञान.

थकलेल्या झाडाची पानं विरळ होतात, ऊन आत येतं, म्हणून त्याच्यावर ते जास्त दिसतं. आम्ही पाहुण्यालाच चोर समजलो.

हे मला पौर्णिमामुळे कळलं, असं लिहून पत्र संपवणार होतो. काल तिला वाचायला दिलं. ती म्हणाली, “बाबा, अर्धंच लिहिलं तुमी. मी नेऊन देईन, पण सांगायचं ते तुमीच सांगा.”

तर सांगतो. दिवाळीनंतर आम्ही अकोल्याला गेलो होतो. बाजारातल्या दगडफुलात किती जाती मिसळलेल्या असतात, ते तिला पाहायचं होतं. तिसरं दुकान तुमच्या धाकट्या भावाचं, मोईजचं निघालं. मला ठाऊक होतं तो तिथे आहे, पण मी वेगळ्या गल्लीत गाडी लावली होती. दाढी पिकली आहे त्याची. पौर्णिमाला त्यानं स्टूल दिलं, चार पोत्यांतून मूठमूठ काढून दाखवलं. मग मला विचारलं, “भाईची नवी बाग कशी हाय?” मी म्हटलं, चांगली आहे. तराजूकडे पाहत तो म्हणाला, “पानी मी जास्त नव्हतं देल्लं, किशोरभाऊ. त्या मे महिन्यात बारा दिवस मोटर जळेल होती. भाईले पत्ता नव्हता, पन तुमाले तं माहीत हाय.”

मला माहीत होतं, रहीमभाई. ती मोटर वाइंडिंगला वरूडला माझ्याच गाडीवर गेली होती.

जूनमध्ये झाडं घासली, ऑगस्टमध्ये डिंक सुटून झाडं वाळू लागली. पंचनाम्याला आलो तेव्हा मी खाली बसून पाहिलं होतं. जिथे ब्रशचे ओरखडे, तिथूनच डिंक येत होता. शहाण्या माणसाला तेवढं पुरे होतं. मी उठलो, हात पुसले आणि रिपोर्टात लिहिलं, “अति ओलितामुळे डिंक्या रोग.” मला नोकरीची भीती वाटली. पाण्याची पाळी मोईजकडे होती. तुम्ही सगळ्यांसमोर त्याला म्हणालात, “बाग तूनं मारली.” मी तिथेच उभा होतो, पेन खिशाला लावत.

तो घर सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली. दर ईदला भाभी शिरखुर्म्याचा एक वाडगा झाकून ठेवतात आणि तो कोणाचा हे तुम्ही विचारत नाही. मी मात्र दर ईदला येऊन माझा वाडगा संपवून गेलो. मला स्वतःची लाज वाटते.

वरूडला जुबेरला तिथल्या तिथे अडवायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, “कर बाबू.” एकच खोटं किती वर्षं आपोआप चालतं, ते तेव्हा दिसलं.

माफी मागत नाही. माझ्या माफीत मोईजची बाजू मागे पडायला नको. त्यानं काही केलेलं नाही.

पत्र पौर्णिमाच्या हाती मंगळवारी पाठवतो. सोबत दगडफुलाची पुडी आहे, मोईजनं दिलेली. “भाभीले द्या, पन कोनी देल्लं ते नका सांगू,” म्हणाला होता. मी सांगतो आहे. दुकानाचा फोन नंबर पुडीवर छापलेला आहे.

त्या रिपोर्टावर पूर्ण नावाची सही केली होती, इथेही तशीच करतो.

बाग मोईजनं मारली नाही. मी मारली.

किशोर नामदेवराव वानखडे
कृषी सहायक (निवृत्त)