उत्तरेकडची उशी

तीर्थरूप योशिताकादादांस, धाकट्या मोरिहिकोचा वाकून नमस्कार. तुमच्याकडे बर्फ किती साचला? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? आम्ही बरे आहोत. कसे बरे झालो, तेच लिहितो.

एका सोमवारी सकाळी मी झोपायच्या खोलीत रांगत संत्रं घरंगळवत होतो. (एकच. बाकीची तुमच्या भावजयीने, चिझुकोने काढून घेतली.) कारण असं, की माझा दमा पहाटे उठतो, आणि गेलेल्या बाबांच्या देव्हाऱ्यापुढचा सकाळचा पाठ पानगळीपासून एकदाही पुरा झाला नव्हता, बुद्धाचं नाव अर्धं तोंडात, अर्धं खोकल्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटातलं आम्ल झोपेत घशाशी येतं आणि दम्याला डिवचतं. न्याहारीआधी गोळी घ्या, निजण्याच्या तीन तास आधी जेवा, डाव्या कुशीवर झोपा आणि पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उचला. आता आपल्या घरात पलंग कुणी पाहिलाय? जमिनीवरच्या गादीवर मी चार उशा रचल्या, तर पोट दुमडून आम्ल दुप्पट वर. मग आठवलं, आपलं घरच एका अंगाला खचलंय. संत्रं सोडलं, ते दक्षिणेच्या भिंतीवर जाऊन आपटलं. म्हणजे उंच बाजू उत्तरेची. आणि उत्तरेला डोकं करून आपण निजवतो ते फक्त मेलेल्याला.

"झोपा की खुशाल," चिझुको म्हणाली, "उशाशी उदबत्तीही लावून ठेवते!"

मी देवळात जाऊन भिक्षूबाबांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, खुद्द बुद्ध उत्तरेला डोकं करून पहुडले होते."

"ते परत उठले नाहीत," चिझुको मागून म्हणाली.

(शिवाय ते उजव्या कुशीवर होते. तेवढा फरक मी राखला. निर्वाणाची मला घाई नाही.) उशी फिरवली, गादीखाली दोन फळ्या सारल्या. दहाव्या सकाळी पाठ शेवटपर्यंत झाला. त्या रात्री चिझुकोनेही आपली उशी उत्तरेला नेली. म्हणते, "यमाचा माणूस आला तर गोंधळू दे, न्यायचं कुणाला!"

ता. क. : दम्याचा पंप रोज दोन्ही वेळा घेतो. पूर्वी विसरायचो. गुण त्याचाही असेल. भिक्षूबाबांना सांगू नका.

आणखी एक : वसंतात तुम्ही जॅक घेऊन घर सरळ करायला येणार आहात. जरूर या, पण जॅक आणू नका. दक्षिणेचा खचलेला खांब काल मी आहे तसाच सिमेंटने पक्का केला.