सासूबाईंचा हात

मुरुम, गुरुवार, संध्याकाळ

सकाळी आठवीच्या चित्रकलेच्या तासाला मी एक जुनं युरोपियन चित्र दाखवलं. गोरी बाई तुर्की पोशाखात बैठकीवर बसलीय, हातात कॉफीचा कप. मागं तबक घेऊन उभी मोलकरीण. बाईनं हा पोशाख हौसेनं घातलाय, असं मी सांगितलं, तर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ती कॉफी पिणार हाय का नुसता कप धरलाय?" सगळे हसले. मीही हसले.

आणि दुपारी मी काय केलं? माझ्या डोहाळजेवणाचं फोटोशूट. लुगडं सासूबाईंचं, परसातली चूलही त्यांचीच. कासोटा त्यांनीच घालून दिला, आणि मग फोटोग्राफर त्यांना म्हणाला, "काकू, जरा बाजूला व्हा."

कॅमेऱ्याकडं बघत मी भाकरी तव्यावर टाकली, पिठाची बाजू खाली. सासूबाईंना राहवेना. "अगं, पीठ वर पाहिजे," म्हणत त्यांनी हात घातला, तेवढ्यात फोटो निघाला.

आता तो मोबाइलवर आलाय. माझ्या हाताला नीट पीठसुद्धा लागलेलं नाही. कडेला त्यांचा हात, नुसता मनगटापर्यंत, चटक्यांच्या डागांचा. फोटोग्राफर विचारतोय, तो हात काढून टाकू का? त्या चित्रकारानं मोलकरीण निदान अख्खी तरी ठेवली होती. हात राहू दे, असं मी ठरवलं आणि फोटो सासूबाईंना दाखवला.

त्यांनी तो मोठा करून बघितला. "लई गोड दिसतीस. तेवढा माझा हात काढायला सांग, घाण दिसतोय."

मी बरं म्हणाले. म्हणताना हायसं वाटलं, तेच आता सलतंय.