दुधावरची पाटी

२ सप्टेंबर
आठवी काडी आत सरकवताना ओठाचा कोपरा फाटला. रक्त थोडंच. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि हळूहळू वाढवत न्यायच्या, म्हणजे ऑपरेशननंतर आखडलेला जबडा उघडतो, असं नागपूरच्या डॉक्टरांचं म्हणणं. तुमसरहून आणलेल्या काड्या जाड निघाल्या. ब्लेडने तासल्या. संध्याकाळी नऊ गेल्या. प्रोग्रेस उत्तम.

५ सप्टेंबर
संकल्प. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेतल्या नाटकात जमीनदार मीच करणार. गेल्या वर्षी मी वॉर्डात होतो म्हणून रोल कमलेशला दिला. तात्पुरता.
अर्धी जीभ काढली हे खरं. पण उच्चार हे मुळात श्वासाचं काम आहे.

१० सप्टेंबर
गावात बहिरेपणा वाढला आहे. दोनदा सांगितल्याशिवाय कुणाला काही कळत नाही. मोबाइलचा परिणाम असावा. चंद्रकलेचे कान मात्र शाबूत. नवऱ्याचं बोलणं ती लोकांना नीट समजावून सांगते. लिहून बोलायला म्हणून हॉस्पिटलच्या बाईने एक पाटी दिली होती. चंद्रकलेने ती दुधाच्या गंजावर झाकण म्हणून ठेवली आहे. योग्य जागा.

१८ सप्टेंबर
चंद्रकलेला घेऊन भैय्यालालच्या किराणा दुकानात गेलो. नाटकाचा खर्च तो करतो, म्हणून रोलही तोच वाटतो. जमीनदाराबद्दल सविस्तर बोललो. पात्राची मानसिकता, आवाजाचे चढउतार. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, काय म्हंतेत वहिनी हे? चंद्रकला म्हणाली, तुमी द्यान तो रोल करतो म्हंतेत. जरा संक्षिप्त झालं. साहित्याची आवड नाही तिला. पण आशय पोहोचला. भैय्यालाल म्हणाला, भाऊ, फिकर नोका करू, एक रोल तुमच्याचसाठी ठेवला आहे.
ठरलं म्हणजे.

२९ सप्टेंबर
रोल मुक्या गड्याचा आहे. जमीनदाराचा हुक्का भरायचा आणि त्याची लाथ खायची. मुकं पात्र ही अभिनयाची खरी कसोटी. भैय्यालालसारख्या माणसाला हे कळावं, याचं नवल वाटलं.
जेवलो नाही. मिक्सरमधून काढलेला भात तसाही बेचव असतो.

६ ऑक्टोबर
तालीम. कमलेश डायलॉग पाठ करायचे सोडून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसतो. मी खर्रा सोडला आहे. फक्त त्याचा घोटून देतो. बोटांना व्यायाम.
आज सगळ्यांना आलूबोंडे होते. कमलेशने मिरची बाजूला काढली. आजकाल झोंबते म्हणाला. बोंडाही तुकडे करून खाल्ला, अख्खा तोंडात जाईना. हसला तेव्हा गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. माझंही असंच सुरू झालं होतं. आधी तिखट, मग चट्टा.
सांगणार होतो. पण ऐन तालमीत कलावंताचं मन विचलित करू नये. मंडई झाली की सांगू.

१५ ऑक्टोबर
कमलेश आजारी पडला तर जमीनदार कोण करील, असा एक विचार आला. विचार येतात. डॉक्टरांनी पॉझिटिव्ह राहायला सांगितलं आहे.
काड्या अकरा. ब्लेड नवीन आणलं.

२७ ऑक्टोबर, दुपार
नाटक पहाटेपर्यंत चाललं. मंडप गच्च. दुसऱ्या अंकात कमलेश अडखळला. मी हुक्का खाली ठेवला आणि जमीनदाराचा सबंध डायलॉग म्हटला. छातीतून. मग कुणीतरी ओरडलं, मुका बोलून राहिला रे! मग हशा, शिट्ट्या, वन्स मोअर. पुन्हा म्हटला. बायका पदराने डोळे पुसत होत्या. भैय्यालालने विंगेतून बोट दाखवलं, अजून एकदा. तोही दिला. एवढा प्रतिसाद मला जमीनदार असताना कधी मिळाला नव्हता.
नंतर मेकअपच्या खोलीत कमलेशला गाठलं. नाटक संपलं होतं, आता सांगायला हरकत नव्हती. हात धरून म्हणालो, गालात चट्टा आहे, नागपूरला जा, उद्याच जा. सगळे पुन्हा हसले. कमलेशने माझी नक्कल केली. हुबेहूब. तोंड फार उघडावं लागत नाही, त्याला जमली. मी पुन्हा सांगितलं. तो माझ्यामागे उभ्या चंद्रकलेला म्हणाला, काकू, काका काय म्हंतेत? ती म्हणाली, तुयं काम लय आवडलं म्हंतेत.
कमलेश माझ्या पाया पडला.
घरी येताना चंद्रकलेला विचारलं, असं काहून सांगितलंस. ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा रडली. म्हणाली, मले समजत नाही हो तुमचं. दवाखान्यातून आल्यापासून अंदाजानंच सांगून राहिली मी.
थकली असावी. जागरण झालं.

२८ ऑक्टोबर
सकाळी दुधावरची पाटी काढली, धुतली. लिहिलं आणि कमलेशकडे गेलो. साकोलीकडच्या मंडईला नाटक जाणार होतं, गाडी दारातच उभी होती. कमलेशने पाटी दोनदा वाचली. हसला नाही. म्हणाला, रोल पाह्यजे तं सरळ सांगा ना काका, असं कायले भेव दाखवता? खर्रा तोंडात टाकला आणि गाडीत बसला. भैय्यालाल ओरडला, चला ना भाऊ, मुक्याले लय डिमांड आहे. गाडी गेली.
घरी येऊन पाटी पुसली. लिहिलं, चहा. लगेच मिळाला.